नाक टोचा, ओठ टोचा. पण आधी सुई पाहा

भाऊबीज झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि दिवसा बांगडीवाले, गोंदणारे, नाक-कान टोचणारे यांच्यापुढे मुलींची गर्दी. गेल्या मंडईत आमच्या वस्तीतल्या नववीतल्या एका मुलीने असेच नाक टोचून घेतले. आठवड्याभरात नाक सुजले. आजी म्हणाली, "काई नाई होत वं, हळद-तेल लाव." दोन दिवसांनी ताप चढला. मुलगी सिकलसेलची रुग्ण. दवाखान्यात भरती करावे लागले. वेळेत नेले म्हणून निभावले. घरात सगळ्यांना तिचा आजार माहीत होता, पण नाक टोचताना त्याची आठवण कुणालाच झाली नाही. सोबत गेलेल्या आम्हालाही नाही.

आता मुली नाकात चमकी घालतात, तशी मुले भुवईत आणि ओठात बाळी घालतात. हौसेला आमचा विरोध नाही. मात्र लग्न ठरले म्हणून मुलीचे नाक जबरदस्तीने टोचू नये. डावी नाकपुडी टोचली की बाळंतपण सोपे जाते, या समजुतीलाही आधार नाही. टोचायचे की नाही, हे जिचे नाक तिने ठरवावे.

टोचण्याआधी

पूर्व विदर्भात सिकलसेल आपल्या समाजातही बराच आढळतो. या रुग्णांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही लवकर अंगभर पसरतो. म्हणून रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नये. जो फक्त वाहक आहे, त्याने नेहमीची काळजी घेतली तरी पुरते. तपासणी झाली नसेल तर आशाताईंना विचारा. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते.

मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, किंवा घरात कुणाच्या जखमेवर मांसाची गाठ वाढत असेल, तरी आधी डॉक्टरांना विचारा. धनुर्वाताची लस मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती राहून गेली असेल तर आधी घ्या.

सुई आणि धातू

एकच सुई दहा जणांना वापरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. सुई स्पिरिटने पुसली म्हणजे निर्जंतुक झाली असे नाही. बंद पाकिटातली नवी सुई आपल्या डोळ्यांसमोर फोडायला लावा. टोचणाऱ्याने हात धुऊन नवे हातमोजे घातलेत का, तेही पाहा. कान टोचण्याची बंदूक नाकाला, भुवईला, ओठाला लावू देऊ नका.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी महिलांना सांगितले होते की, अस्पृश्यतेची ओळख ठरणारे हलक्या धातूंचे दागिने टाकून द्या. घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. तो सल्ला स्वाभिमानाचा होता. ताज्या जखमेच्या बाबतीत तो आरोग्यालाही लागू पडतो. मुलामा दिलेल्या स्वस्त चमकीत बहुधा निकेल असते; त्याने खाज सुटते, पाणी येते आणि जखम भरत नाही. सोने किंवा टायटॅनियम चांगले. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून चमकी ओळखीच्या सोनाराकडून, पावती घेऊन घ्या.

पुढचे काही महिने

नाकपुडी पूर्ण भरायला चार ते सहा महिने लागतात, ओठ आणि भुवईला साधारण दोन ते तीन. हात साबणाने धुतल्याशिवाय जखमेला लावू नका. मेडिकलमधले सलाईनचे पाणी स्वच्छ कापसाने दिवसातून दोनदा लावा. ते नसेल तर उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात पाव छोटा चमचा मीठ विरघळवा. रोज ताजे करा. हळद, तेल, राख लावू नका. चमकी सारखी फिरवू नका. जखम भरेपर्यंत तळ्यात, बोडीत डुबकी नको. रोवणीच्या तोंडावर तर टोचूच नका. बांधीतला चिखल तोंडावर उडतोच.

ओठ टोचला असेल तर खाऊन झाल्यावर दर वेळी चूळ भरा. खर्रा आणि विडी बंद. त्याने जखम चिघळते, आणि तोंडाचा कर्करोग होतो तो वेगळाच. ओठातली बाळी दातांवर सतत घासली तर दाताचा टवका उडतो, हिरडी खाली सरकते. हे नुकसान भरून येत नाही.

दवाखान्यात कधी जायचे?

पहिले काही दिवस थोडी सूज, थोडे पांढरट पाणी येणे साहजिक आहे. पण पिवळा-हिरवा पू, वाढती सूज, ताप किंवा चमकी मांसात रुतणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातला जंतुसंसर्ग क्वचित मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून पू पिळू नका. चमकीही स्वतः काढू नका. भोक बंद होऊन पू आत अडकू शकतो. डोळा सुजला, डोके फार दुखले, किंवा सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला, तर रात्र काढू नका. १०८ ला फोन करा.

आमच्या वस्तीतली ती मुलगी आता शाळेत जाते. नाकातले भोक बुजले आहे. यंदाच्या मंडईला ती मैत्रिणींसोबत जाणार आहे, आणि त्यांनी टोचायचे ठरवले तर सुईचे पाकीट आपण स्वतः पाहणार, असे तिने आम्हाला सांगितले आहे.