भाकरी, कडबा आणि घोंगडं : जतच्या माळावरचे महारेणू

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जत तालुका. उत्तरेला मंगळवेढा, पूर्वेला सीमेपलीकडे कर्नाटकातलं विजापूर. बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे संसार उभा राहिला तो रब्बीच्या ज्वारीवर आणि जनावरांवर. ज्वारी काढली की एकाच पिकाचे दोन वाटे होतात. दाणे घरात येतात, कडबा गंजीला लागतो. माणूस दाणे खातो, खिलार बैल कडबा खातो. वर्षानुवर्षं चालत आलेली ही वाटणी आहे, पण रसायनशास्त्राला ती बुचकळ्यात टाकणारी आहे. दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातलं सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेचे बनलेले. मग बैलाला जे पचतं ते माणसाला का पचू नये?

याचं उत्तर शोधायचं तर जैविक महारेणूंकडे जावं लागतं. हे रेणू लहान घटक एकापुढे एक जोडून तयार होतात आणि त्यांत हजारो, कधी लाखो अणू असतात. एवढा मोठा रेणू असू शकतो हेच शंभर वर्षांपूर्वी अनेक रसायनतज्ज्ञांना पटत नव्हतं. लहान रेणू कसेबसे एकत्र चिकटलेले असावेत, असा त्यांचा समज. हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये लांब साखळीची कल्पना ठामपणे मांडली, टीका सोसली आणि १९५३ मध्ये त्याच कामासाठी नोबेल मिळवलं. आज आपण महारेणूंचे तीन मोठे गट मानतो: पॉलिसॅकराइड म्हणजे बहुशर्करा, प्रथिनं आणि न्यूक्लिक आम्लं. चरबी, तेल, मेण यांचे रेणू खरं तर अशा साखळ्या नव्हेत, तरी पाठ्यपुस्तकात ते शेजारीच बसतात. पहिले तिन्ही गट जतच्या एका वस्तीवर पाहायला मिळतात.

एक साखर, दोन जोडण्या

स्टार्चमध्ये ग्लुकोजचे सगळे घटक एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात. त्यामुळे साखळीला आपोआप वळण पडतं आणि ती मळसूत्री होते. स्टार्चचा साधारण पाव भाग अशा बिनफांद्यांच्या अमायलोजचा, बाकीचा फांद्या फुटलेल्या अमायलोपेक्टिनचा. सेल्युलोजमध्ये दर दुसरा घटक उलटा फिरवून जोडलेला असतो. या एका फरकाने साखळी सरळ राहते. सरळ साखळ्या शेजारी शेजारी पडून हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात आणि उभं धाट पेलणारा धागा तयार होतो. आपल्या लाळेतला अमायलेज फक्त पहिली जोडणी तोडू शकतो. दुसरी तोडणारा विकर आपल्याकडे नाही. तो बैलाकडेही नाही, मात्र त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे आहे. बैल कडबा रवंथ करतो, पण त्याचं पचन या भाडेकरूंच्या जिवावर चालतं.

स्टार्चची करामत चुलीपाशी दिसते. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक गार पाण्यातही ताणली जाते. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून जुन्या ज्वारीचं पीठ असलं की बाई आधणाचं पाणी घालून उकड काढते. सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, काही अमायलोज बाहेर पडतं आणि पीठ धरून ठेवणारा चिकटपणा येतो. मग हातावर थापलेली भाकरी कडेला फाटत नाही. भाकरी थंड झाली की तेच अमायलोज पुन्हा एकत्र येऊन घट्ट बसतं, म्हणून शिळी भाकरी कडक होते. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या मानांकनाचं श्रेय काळ्या जमिनीला आणि हवेला दिलं जातं, पण जिभेला कळतो तो शेवटी दाण्याच्या आतला रेणूंचा मेळ.

डाळ हवी ती कशासाठी

ज्वारीतलं मुख्य प्रथिन काफिरिन. प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांचा क्रम ठरला की साखळी कशी दुमडेल हे बऱ्याच अंशी ठरतं. काफिरिनमध्ये लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल अगदी कमी. शिवाय शिजवल्यावर त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी आणखी आवळल्या जातात आणि पचायला जड होतात. तूर, हरभरा, मटकी यांत लायसिन भरपूर, त्यामुळे भाकरीबरोबरची आमटी नुसती चवीसाठी नसते.

कडधान्यांच्या प्रथिनांवर काम केलेल्या मराठी शास्त्रज्ञ म्हणजे कमला सोहोनी. १९३९ मध्ये केंब्रिजमधून त्यांना पीएचडी मिळाली. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे प्रथिन असतं, हे त्यांनी बटाट्यापासून सुरुवात करून दाखवलं. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी कडधान्यांची प्रथिनं आणि त्यांतले ट्रिप्सिनरोधक अभ्यासले. हे रोधक आपल्या पाचक विकराला अडवतात. उष्णतेने त्यांची घडी मोडते आणि अडवणूक बरीच कमी होते. घडी मोडली की काम थांबतं, हा प्रथिनांचा नियमच आहे.

घोंगड्यातलं मळसूत्र

धनगराच्या खांद्यावरचं घोंगडं दख्खनी मेंढीच्या जाड, काळपट लोकरीचं. (माडग्याळची उंच, बाकदार नाकाची मेंढी याच तालुक्यातली, पण तिचं नाव मटणासाठी.) घोंगडं विणणारा सनगर मागावर बसण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ लावतो, म्हणजे सूत ताठ होतं, तुटत नाही. चिंचोक्यातलं झायलोग्लुकान हीही बहुशर्कराच. तिचा कणा सेल्युलोजसारखाच, पण त्याला बाजूने दुसऱ्या साखरा लागलेल्या, म्हणून ती पाण्यात फुगून चिकट होते. म्हणजे घोंगड्यात लोकरीचं प्रथिन आणि खळीची बहुशर्करा दोन्ही एकत्र नांदतात.

लोकरीचं प्रथिन केराटिन. त्याच्या साखळ्या मळसूत्री असतात आणि सिस्टीनमधल्या गंधकाने एकमेकींना बांधलेल्या असतात. ओली लोकर ताणली तर मळसूत्र उलगडतं, सोडली की पुन्हा गुंडाळलं जातं. लोकर आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओल आत घेऊनही हाताला ओली लागत नाही. पावसात माळावर उभ्या मेंढपाळाला घोंगडं उपयोगी पडतं, त्यामागे हेही एक कारण.

प्रथिनांच्या रचनेचं शास्त्र बऱ्याच अंशी लोकरीवरच उभं राहिलं. इंग्लंडमधल्या लीड्स या लोकरीच्या शहरात विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० च्या दशकात लोकरीची क्ष-किरण चित्रं काढली आणि ताणल्यावर ती बदलतात हे दाखवलं. तिथेच लोकर-उद्योगाच्या संशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज या दोन शास्त्रज्ञांनी अमिनो आम्लं वेगळी करण्यासाठी १९४१ मध्ये विभाजन क्रोमॅटोग्राफी विकसित केली. त्यांना १९५२ चं नोबेल मिळालं. या घराण्यातल्या तंत्रांच्या आधारे फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावला. १९५१ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी या मळसूत्राचा आराखडा, अल्फा हेलिक्स, मांडला: एका वळशाला ३.६ अमिनो आम्लं.

लोकरीखालच्या कातडीचं प्रथिन कोलॅजेन. त्यात तीन साखळ्या एकमेकींभोवती वळतात आणि दर तिसरं अमिनो आम्ल सर्वांत लहान, ग्लायसीन. एवढ्या अरुंद जागेत दुसरं कोणी मावतच नाही. ही तिपेडी रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मद्रासमध्ये १९५४-५५ च्या सुमारास उलगडली. बाभळीची साल आणि हिरडा यांतली टॅनिनं कोलॅजेनच्या साखळ्यांना धरून ठेवतात, म्हणून कमावलेलं कातडं कुजत नाही. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात सांगली जिल्हाही आहे. त्या चपलेचं टिकाऊपण या बंधांवर आहे.

एक अक्षर आणि जुळी कोकरं

हे सगळे क्रम लिहिलेले असतात डीएनएत. त्याचा धडा सातारा जिल्ह्यात, फलटणला मिळतो. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. बंगालच्या सुंदरबनातल्या छोट्या गरोल मेंढीला मात्र जुळी होणं नित्याचं. त्याचं मूळ ‘फेक-बी’ या जनुकात आहे. २००१ मध्ये तीन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की हा सगळा फरक एका अक्षराचा आहे. डीएनएत ‘ए’च्या जागी ‘जी’ आलं. त्यामुळे बीजकोशातल्या एका ग्राही प्रथिनात २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनीन बसलं. एवढ्याने एका वेळी जास्त बीजं पक्व होऊ लागतात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने चंदा निंबकर यांच्या पुढाकाराने हे जनुक गरोलकडून दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची डीएनए चाचणीसाठी मदत झाली. रक्ताच्या नमुन्यावरून कोकरात जनुक आलं की नाही ते कळतं. मेंढी विण्याची वाट पाहावी लागत नाही.

क्रमावरून आकार ओळखणंही आता सोपं झालं आहे. ‘अल्फाफोल्ड’ या संगणकीय प्रणालीने वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या घडणीचे अंदाज खुले केले आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल या क्षेत्राला मिळालं. तरी आकार कळला म्हणजे सगळं कळलं असं होत नाही. जुळी पोटात वाढवणाऱ्या मेंढीला जास्त चारा लागतो, दोन कोकरांना दूधही दुप्पट लागतं. जनुकाच्या दोन प्रती असल्या तर तिळ्यांची शक्यता वाढते आणि ओझंही वाढतं. दुष्काळी वर्षात कडबा महागला की एक सशक्त कोकरू दोन अशक्त कोकरांपेक्षा परवडतं, हे जतच्या मेंढपाळाला कुणी शिकवायला नको. म्हणून अशी मेंढी या तालुक्यात न्यायची तर डीएनएच्या अहवालाबरोबर गंजीत किती कडबा आहे तेही पाहावं लागेल. प्रथिनातला एक बदल जुळ्यांची शक्यता उघडतो. ती जगतील की नाही, हे आईने खाल्लेल्या सेल्युलोजवर आणि ते वेळेवर मिळवून देणाऱ्या माणसावर ठरतं.