तोंड बंद, बोटं चालू

सोनईशेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, हे जगजाहीर आहे. जवळच घोडेगावला म्हशींचा मोठा बाजार भरतो. जनावरांच्या बाजारात सगळं उघड्यावर असतं, कुलूप असतं ते फक्त किमतीला. जुन्या रीतीचा सौदा उपरण्याखाली व्हायचा. व्यापारी आणि शेतकरी हातात हात घालायचे, वर रुमाल. जितकी बोटं दाबली तितका आकडा, पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, हे जनावर बघूनच दोघांना उमगायचं. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा! शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला भाव कळायचा नाही, आणि भोळ्या शेतकऱ्याला गुंडाळणंही सोपं जायचं. म्हणून तर बाजार समित्यांनी शेतमालाला उघड लिलाव आणला.

बोटांची ही विद्या गोंधळ्यांकडेही आहे. तिचं नाव करपल्लवी. एकानं बोटांनी खुणावायचं, दुसऱ्यानं समोरच्या पाहुण्याचं नाव सांगायचं. मंडळी थक्क!

सोनईच्याच नेवासे तालुक्यात 1290 साली ज्ञानेश्वरी झाली, गीता मराठीत सगळ्यांसाठी खुली झाली. पुढच्या शतकात महानुभावांनी उलटी वाट धरली. त्यांचे ग्रंथही अस्सल मराठीच, पण अक्षरांची अदलाबदल करून ते सांकेतिक लिप्यांत बंद केले. सकळ आणि सुंदरी ही त्यांतल्या दोन लिप्यांची नावं. परक्यांना त्या शेकडो वर्षं वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आख्खं दालन उघडलं ते त्यानंतर. माझ्या मते राजवाड्यांचा हा पराक्रम एखाद्या हेरकथेपेक्षा सरस आहे.

कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत सांकेतिक लेखन आहेच, नाव ‘म्लेच्छितविकल्प’. रोमचा सीझर प्रत्येक अक्षर तीन घरं पुढं सरकवायचा. पण नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं अशा युक्त्यांची हवाच काढली. मजकुरात कोणतं चिन्ह सर्वांत जास्त वेळा येतं ते मोजा, म्हणाला, आणि भाषेतल्या नेहमीच्या अक्षराशी जुळवा.

त्याला चकवणारी एक मराठी चिठ्ठी मात्र प्रसिद्ध आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. पेशव्यांना बातमी कळली ती सावकारी भाषेतल्या पत्रातून. त्यात दोन मोती गेल्याचं, सत्तावीस मोहरा हरवल्याचं आणि खुर्द्याची तर गणतीच नसल्याचं लिहिलं होतं. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार. यात अक्षरं मोजून काय हाती लागणार?

आणि पोराटोरांची च-भाषा? शब्दाचं पहिलं अक्षर मागं टाकायचं, पुढं च लावायचा. पाणी झालं चणीपा, सोनई झाली चनईसो. अल-किंदीनं ती चहा पिता पिता फोडली असती, पण पोरांना फक्त आजीपासून लपवायचं असतं. घोडेगावचं काय होईल, ते तुम्हीच करून बघा.