जड बॉम्बर तीनच देशांकडे का?

मंडळी, 22 जून 2025 रोजी अमेरिकेच्या सात बी-2 विमानांनी इराणमधल्या फोर्दो आणि नतान्झ इथल्या अणुकेंद्रांवर चौदा बॉम्ब टाकले. एकेक बॉम्ब साडेतेरा टनांचा. विमानं मिसुरी राज्यातून निघाली, वाटेत हवेतच इंधन भरत गेली आणि काम उरकून मिसुरीलाच परतली. अशी बातमी आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: हे भारताकडे का नाही? आज आपण त्याच प्रश्नाचा विचार करू. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे, तेव्हा आधी शब्दाचा अर्थ पक्का करू.

बॉम्ब टाकणारं प्रत्येक विमान म्हणजे जड बॉम्बर नव्हे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईत, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्रामाच्या शेवटच्या टप्प्यात, भारताची टेम्पेस्ट विमानं वापरली गेली. त्यांनीही बॉम्ब टाकले, पण ती एका इंजिनाची, एका वैमानिकाची लढाऊ विमानं होती. जड बॉम्बर ठरतो दोन गोष्टींवरून: किती दूर जातो आणि किती वजन नेतो. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या अण्वस्त्र करारांनी तर आकडाच ठरवला. ज्याचा पल्ला 8,000 किलोमीटरहून जास्त, किंवा जो लांब पल्ल्याची अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रं नेतो, तो जड बॉम्बर.

आता हा आकडा आपल्या अंगणात आणून बघा. नांदेडहून दिल्ली सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. अमेरिकेचं बी-52 वाटेत इंधन न घेता सुमारे 14,000 किलोमीटर जातं. म्हणजे नांदेड-दिल्ली सहा वेळा जाऊन येईल, तरी टाकीत थोडं शिल्लक राहील.

अशी विमानं कुणाकडे आहेत? अमेरिकेकडे बी-52, बी-1 आणि बी-2. नवं बी-21 नोव्हेंबर 2023 मध्ये पहिल्यांदा उडालं. रशियाकडे पंख्यांवर चालणारं टीयू-95 आणि आवाजाहून वेगवान टीयू-160. तिसरा चीन. त्याचं एच-6 हे जुन्या सोव्हिएत टीयू-16 वरून बेतलेलं. पल्ल्याची कसोटी काटेकोर लावली तर ते काठावरच राहतं. पण चीननं त्याला क्षेपणास्त्रं जोडली, एका प्रकाराला हवेत इंधन घेण्याची सोय केली, म्हणून जाणकार त्याला या यादीत धरतात. ब्रिटनकडे व्हल्कन होतं, ते 1984 मध्ये निवृत्त झालं. संपली यादी.

यातली बरीच विमानं म्हातारी आहेत. शेवटचं बी-52 कारखान्यातून 1962 साली बाहेर पडलं, तेव्हा आपलं महाराष्ट्र राज्य दोन वर्षांचं होतं. तीच विमानं दुरुस्त करत आजही उडवतात, कारण नवी बनवणं महामुश्कील. रशियाला याची झळ 1 जून 2025 रोजी बसली. युक्रेनच्या छोट्या, स्वस्त ड्रोननी तळावर उभी असलेली बॉम्बर विमानं जाळली. त्यांत टीयू-95 होती, आणि त्यांचं उत्पादन केव्हाच बंद झालंय.

आता भारताकडे येऊ. आपल्याकडे ही परंपराच नव्हती असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली अमेरिकन लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टनं दुरुस्त केली आणि 1948 पासून आपल्या हवाई दलानं वापरली. ती त्या काळातली जड बॉम्बरच. मग 1957 पासून कॅनबेरा आलं. ते हलकं बॉम्बर, 2007 पर्यंत सेवेत राहिलं. 1988 मध्ये नौदलानं टीयू-142 आणलं. हे टीयू-95 चंच भावंड, पण काम वेगळं: समुद्रावर तासन् तास फिरून पाणबुड्या शोधणं. ही आठ विमानं आधी गोव्यात दाबोळीला होती, पुढं तमिळनाडूत अरक्कोणमला गेली, आणि 2017 मध्ये निवृत्त झाली.

मग पुढं जड बॉम्बर का घेतलं नाही? कारण जड बॉम्बर हे अंतराच्या प्रश्नाचं उत्तर आहे. अमेरिकेचे प्रतिस्पर्धी समुद्रापलीकडे, म्हणून तिला तो लागतो. आपल्याला ज्यांच्याशी लढावं लागलं ते सीमेलगतच आहेत. तिथं नाशिकजवळ ओझरला जोडलं जाणारं सुखोई-30 पोचतं, हवेत इंधन घेतं, ब्राह्मोस नेतं. त्यापलीकडच्या अंतराला अग्नी क्षेपणास्त्रं आहेत. शेत दोन एकराचं असेल तर हार्वेस्टर विकत घेण्यात शहाणपण नाही.

बॉम्बरच्या बाजूनंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुटलेलं क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही, विमान बोलावता येतं. विचार बदलायला माणसाला काही तास मिळतात. अणुयुद्धात ते तास फार मोलाचे.

पण पल्ला आणि वजन यांच्या पलीकडे तिसरा प्रश्न उरतो, आणि तो आमच्या विषयाचा आहे: बॉम्ब कुठं टाकायचा? 18 डिसेंबर 1961 रोजी गोवामुक्तीच्या वेळी पुण्याहून गेलेल्या बारा कॅनबेरांनी याच दाबोळीवर साधारण साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकले. एकटं बी-52 एका फेरीत याहून जास्त, सुमारे एकतीस टन नेतं. पण आदेश होता, धावपट्टी फोडा, विमानतळाच्या इमारतीला हात लावू नका. आणि तो पाळला गेला. दुरुस्त झालेल्या त्याच दाबोळीवर सत्तावीस वर्षांनी आपलं टीयू-142 उतरलं.

तेव्हा मंडळी, ‘आपल्याकडे का नाही’ हा प्रश्न वाईट नाही, अपुरा आहे. कुणापर्यंत पोचायचं आहे आणि तिथं काय वाचवायचं आहे, हे आधी विचारा. टनांचा हिशेब त्यानंतर.