नकाशा कॉम्प्युटरवर काढला, म्हणून मापं खरी?

घराचं काम काढलेल्या लोकांकडून, नुकतंच कॅड शिकलेल्या मुलांकडून, एवढंच काय, मुरलेल्या कंत्राटदारांकडूनही एक वाक्य सारखं कानावर येतं: ‘मापं बरोबरच असणार, ऑटोकॅडमध्ये काढलंय.’ ट्रॉली बसली नाही की चूक सुताराची, फरशी तिरकी दिसली की चूक गवंड्याची. नकाशावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातच येत नाही. हे ऐकून आता खरोखर वैताग येतो, कारण या एका समजुतीपायी लोकांचं ग्रॅनाइट आणि प्लायवूड वाया जातं.

सॉफ्टवेअरने तुमची खोली पाहिलेली नसते. तुम्ही १० फूट टाइप केलं की ते १० फुटांची रेघ काढतं. पडद्यावर दिसणारी चार दशांश स्थळं त्या रेघेची असतात. भिंत किती लांब आहे, हे टेप धरणाऱ्याने सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक.

गडबड कशी होते ते एका खोलीवर पाहू. जागेवर चार भिंतींची मापं मिळाली: १२ फूट, १० फूट, ११ फूट १० इंच आणि १० फूट. एफ-८ दाबून ऑर्थो चालू केलं की प्रत्येक रेघ आडवी किंवा उभीच जाते. चौथी रेघ खाली येते ती पहिल्या रेघेच्या टोकाला न भेटता दोन इंच आत टेकते. बाहेर दोन इंचांचा तुकडा उरतो. शिकाऊ मुलगा तो ट्रिम मारून उडवतो. चौकोन नीटनेटका बंद होतो आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंती आता ११ फूट १० इंच दिसू लागतात. पण तो तुकडा म्हणजेच त्या खोलीची खरी हकिकत होती! एक तर खोली काटकोनात नाही, नाही तर टेप वाचताना चूक झाली. दोन्हींपैकी काहीही असो, पुन्हा जागेवर जाऊन मोजायला हवं होतं.

लाइन-आउट देताना गवंडी कर्ण तपासतो. घरात माप घेणाऱ्यानेही तेच करावं. १२ बाय १० ची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण साधारण १५ फूट साडेसात इंच भरतात. समोरची १२ फुटी भिंत एक इंच बाजूला सरकलेली असेल तर दोन कर्णांत जवळजवळ दीड इंचाचा फरक पडतो, म्हणजे भिंतींच्या लांबीत अजिबात न दिसणारा दोष कर्णात ठळक दिसतो. मग ऑर्थो बंद करा. एक भिंत काढा, तिच्या एका टोकावरून शेजारच्या भिंतीच्या मापाचं आणि दुसऱ्या टोकावरून कर्णाच्या मापाचं वर्तुळ काढा. ती छेदतात तिथे तिसरा कोपरा. चौथाही तसाच. खोली जशी आहे तशी पडद्यावर येते. असं केलं नाही, तर एल आकाराच्या ओट्याचं ग्रॅनाइट काटकोनात कापून येतं, एक बाजू भिंतीला चिकटते आणि दुसऱ्या बाजूच्या टोकाला इंचभर फट उरते. ती पांढऱ्या सिमेंटने बुजवणारा कारागीर बोलणी खातो, हा सरळ अन्याय आहे.

याच समजुतीची दुसरी बाजू म्हणजे आकडे जुळले नाहीत की ‘सॉफ्टवेअर बिघडलं’ ही ओरड. एका ओळीतले तीन सलग गाळे प्रत्येकी १० फूट दिसतात, पण एकूण माप २९ फूट ११ इंच येतं. बिघाड काही नाही. प्रत्येक गाळा ९ फूट ११ इंच ५ सूत आहे आणि डायमेन्शनची प्रिसिजन पूर्ण इंचावर ठेवलेली आहे. प्रत्येक आकडा दिसताना १० फुटांवर गेला. बेरीज मात्र खऱ्या लांबीची, २९ फूट १० इंच ७ सूत, म्हणून ती दिसताना २९ फूट ११ इंच झाली. प्रिसिजन सुतापर्यंत, म्हणजे एक अष्टमांश इंचावर आणा, सगळं उलगडतं. इथे कृपा करून डायमेन्शनवर डबल क्लिक करून हवा तो आकडा टाइप करू नका. तसं केलं की रेघ एक सांगते आणि आकडा दुसरंच. दुसऱ्याचं ड्रॉइंग हाती आलं तर डायमेन्शन निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘टेक्स्ट ओव्हरराइड’चा रकाना पाहा. तिथे हाताने लिहिलेला आकडा सापडला, तर त्या मापावर एक खिळाही ठोकू नका.

‘सोफ्याचा ब्लॉक टाकला आणि तो इमारतीएवढा झाला, फाइल करप्ट आहे’ हेही नेहमीचंच. ब्लॉक मिलिमीटरमधला आणि तुमचं ड्रॉइंग इंचातलं असतं. २,००० मिलिमीटरचा सोफा २,००० इंचांचा, म्हणजे १६६ फूट ८ इंचांचा होतो. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, ब्लॉक तेवढ्या पटीने लहान करा आणि पुढच्या वेळी युनिट्समध्ये इन्सर्शन स्केल आधी ठरवा.

‘एरिया कमांडने आलं ते कार्पेट.’ नाही. कमांड तुम्ही दाखवलेल्या रेषेच्या आतलं क्षेत्रफळ देते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम २ (के) नुसार कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळतात. रेघ कुठून न्यायची हे कायदा वाचूनच कळतं.

‘प्रिंटवर पट्टी ठेवून माप घेता येतं.’ ‘फिट टू पेपर’ने छापलेल्या कागदावर १:१०० चं प्रमाण उरत नाही, लिहिलेलं मापच धरा.

‘कमांड पाठ झाल्या की ड्राफ्टिंग आलं.’ आयटीआयचा ड्राफ्ट्समन (सिव्हिल) हा ट्रेड दोन वर्षांचा आहे, कारण भिंत, चौकट, जिना आणि पायऱ्या कळल्याशिवाय नुसत्या रेघा काढून भागत नाही.

‘शिकायला चोरीची कॉपी घ्यावीच लागते.’ लिब्रेकॅड, फ्रीकॅड आणि स्वीट होम थ्रीडी पूर्ण मोफत आहेत.

‘फाइल उघडत नाही, म्हणजे काम गेलं.’ आधी रिकव्हर कमांड चालवा. नाहीच जमलं तर त्याच फोल्डरमधल्या बीएके फाइलची एक प्रत काढून तिचं एक्स्टेन्शन डीडब्ल्यूजी करा; शेवटच्या सेव्हच्या आधीची अवस्था बहुतेक वेळा तशीच मिळते.