बॉक्सिंगमध्ये वजन वाढलं की दम का लागतो? घड्याळातल्या आकड्यांमागचं गणित

दीड वर्षापूर्वी मी बॉक्सिंगचा क्लास लावला. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून वजन ८६ किलोवर गेलं होतं. पहिल्याच दिवशी सरांनी दोरीच्या उड्या मारायला लावल्या. तीन मिनिटं उड्या, एक मिनिट आराम, असे तीन राउंड. माझ्या शेजारी कॉलेजमधला एक मुलगा होता, वजन ६४ किलो. दुसऱ्या राउंडच्या मध्यावर मी दोरी टाकून भिंतीला टेकलो. तो मात्र तिसरा राउंड संपवून पाणी प्यायला गेला.

घरी आल्यावर दोघांनी ॲपचे स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवले. गंमत म्हणजे अर्धवट सोडूनही माझ्या कॅलरीज जवळपास त्याच्याइतक्याच! मी खुश झालो. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, "गाडी जास्त पेट्रोल खाते म्हणून ती जास्त पळते का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. ॲपमध्ये आपण वजन टाकतो त्या रकान्याचं नेमकं काम काय? वजनाचा आणि दमाचा संबंध काय? आणि तो आकडा घाईने खाली आणणं धोक्याचं का? चला, एकेक करून बघूया.

कॅलरीचं गणित: वजन जास्त, तर बिल जास्त

व्यायामाची तीव्रता मोजायला 'मेट' नावाचं एकक वापरतात. शांत बसून राहणं म्हणजे १ मेट. कोणत्या व्यायामाला किती मेट लागतात, याची संशोधकांनी मोठी यादी केली आहे. तिच्या २०११ च्या आवृत्तीत पंचिंग बॅगवर सराव ५.५ मेट, स्पारिंग ७.८ मेट आणि मिनिटाला १०० ते १२० दोरीच्या उड्या ११.८ मेट धरल्या आहेत.

सूत्र एकदम सोपं आहे: मेट × वजन × तास = कॅलरीज.

दहा मिनिटं दोरीच्या उड्या मारल्या तर:

- ८६ किलोचा माणूस: साधारण १६९ कॅलरीज
- ६४ किलोचा माणूस: साधारण १२६ कॅलरीज

काम तेच, वेळ तीच, उड्या तेवढ्याच. तरी माझं बिल ४३ कॅलरीजने जास्त. कारण प्रत्येक उडीत मी ८६ किलो वर उचलत होतो. घड्याळं यात हार्ट रेटही मिसळतात आणि प्रत्येक कंपनीचं गणित थोडं वेगळं असतं, पण वजनाचा हिशोब कुठे ना कुठे असतोच. म्हणजे जास्त कॅलरीज दिसल्या म्हणून व्यायाम जास्त चांगला झाला असं नाही. शरीराला तेच काम महाग पडलं, एवढाच त्याचा अर्थ.

मग दम कशावर ठरतो?

इथे येतो दुसरा आकडा: व्हीओटू मॅक्स. जोरात व्यायाम करताना तुमचं शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते हा आकडा सांगतो. प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून तो थेट मोजतात. घड्याळ मात्र तुमच्या चालण्या-धावण्याचा वेग आणि हार्ट रेट बघून अंदाज बांधतं.

ॲपमध्ये या आकड्याचं एकक नीट वाचा. 'मिलीलिटर प्रति किलो प्रति मिनिट' असं असतं. म्हणजे ऑक्सिजन वर, वजन खाली. भागाकार आहे हा!

उदाहरण घेऊ. समजा माझं शरीर मिनिटाला ३.४ लिटर ऑक्सिजन वापरू शकतं. वजन ८६ किलो असेल तर किलोमागे ३९.५ मिलीलिटर येतात. त्या मुलाचं इंजिन समजा माझ्यापेक्षा छोटं आहे, ३.२ लिटरचं. पण वजन ६४ किलो, म्हणून त्याच्या वाट्याला किलोमागे ५० येतात.

आता १ मेट म्हणजे किलोमागे मिनिटाला ३.५ मिलीलिटर ऑक्सिजन. ११.८ मेटच्या उड्यांना लागतात ४१.३. माझ्याकडे होते ३९.५! जमेपेक्षा खर्च जास्त. असा व्यवहार थोडा वेळ उधारीवर चालतो, मग पाय जड होतात, श्वास फुलतो आणि माणूस भिंतीला टेकतो. तो मुलगा मात्र आपल्या क्षमतेच्या ८३ टक्क्यांवर होता. कष्ट त्यालाही पडत होते, पण ते त्याच्या आवाक्यातले होते.

मग मी काय करायला हवं होतं? वेग कमी! मिनिटाला १०० पेक्षा कमी उड्या म्हणजे ८.८ मेट, किलोमागे ३०.८ मिलीलिटर. माझ्या क्षमतेच्या ७८ टक्के. त्या वेगात मला तिन्ही राउंड पूर्ण करता आले असते. शेजाऱ्याचा वेग पकडायला गेलो, तिथेच चुकलो.

उष्णता: गरम झालेला फोन आठवा

उन्हात गेम खेळताना फोन तापतो आणि मग अचानक गेम अडखळायला लागतो. प्रोसेसर जळू नये म्हणून फोन स्वतःच आपला वेग कमी करतो. शरीराचंही काहीसं तसंच आहे. मोठं शरीर जास्त उष्णता तयार करतं, पण वजन जितकं वाढतं तितक्या प्रमाणात त्वचा वाढत नाही. उष्णता बाहेर पडायला किलोमागे जागा कमी पडते. त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली सराव करताना जाड माणूस आधी थकतो. तो आळशी आहे म्हणून नव्हे.

म्हणजे हलका तोच जिंकतो? नाही!

१ जून २०१९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी रुइझ रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याचं वजन होतं साधारण १२१ किलो. समोर पिळदार शरीराचा अँथनी जोशुआ, ११२ किलो. सगळ्यांना वाटलं जोशुआ सहज जिंकेल. रुइझने सातव्या राउंडमध्ये लढत संपवली. जवळ जाऊन वेगाने ठोसे मारण्याच्या कौशल्यापुढे पोटाचा घेर आडवा आला नाही.

सहा महिन्यांनी सौदी अरेबियात पुन्हा लढत झाली. या वेळी रुइझ साधारण ७ किलोने जड होऊन आला, तर जोशुआ जवळपास ५ किलोने हलका होऊन. जोशुआ १२ राउंड, म्हणजे ३६ मिनिटं, सतत पाय हलवत राहिला. लांबून मारायचा आणि सटकायचा. रुइझ मागे फिरत राहिला, पण त्याला गाठू शकला नाही. तिन्ही पंचांनी जोशुआला जिंकवलं. आपण हवा तसा सराव केला नव्हता, हे रुइझने नंतर स्वतःच कबूल केलं.

माणसं दोन्ही वेळा तीच होती. बदललं ते वजन, तयारी आणि त्यातून आलेला वेग. ठोशाला वजनाचा फायदा होतोच, म्हणून तर बॉक्सिंगमध्ये वजनी गट आहेत. पण ते वजन शेवटच्या राउंडपर्यंत वाहून न्यायला इंजिनही लागतं.

सगळ्यात धोकादायक शॉर्टकट

व्हीओटू मॅक्स हा भागाकार आहे हे कळल्यावर माझ्यातला प्रोग्रामर जागा झाला. खालचा आकडा कमी केला की उत्तर वाढणारच! क्लासमधले काही जण प्लास्टिकचा सूट घालून घाम गाळायचे. मीही एकदा घातला. तासाभरात काट्यावर जवळपास दीड किलो कमी. मी हवेत!

पण घरच्या स्मार्ट काट्याने चरबीचं प्रमाण वाढलेलं दाखवलं. असं कसं? हा काटा पायांतून अगदी सौम्य वीज सोडतो आणि तिला किती अडथळा होतो ते बघून चरबीचा अंदाज करतो. वीज पाण्यातून सहज जाते. शरीरातलं पाणी कमी झालं की अडथळा वाढतो आणि काट्याला वाटतं चरबी वाढली. म्हणजे मी फक्त पाणी घालवलं होतं.

हे आकड्यांत तपासू. मेरी कोमने २०१८ मध्ये पोलंडच्या स्पर्धेआधी चार तासांत सुमारे २ किलो वजन उतरवलं होतं. त्यासाठी आपण तासभर दोरीच्या उड्या मारल्या, असं तिने स्वतः सांगितलं आहे. ५० किलोच्या माणसाच्या तासाभराच्या उड्या म्हणजे आपल्या सूत्राने साधारण ५९० कॅलरीज. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरीज असतात. म्हणजे चरबी गेली असेल फार तर ८० ग्रॅम. उरलेलं वजन जवळपास सगळं पाणीच. ती तेव्हा पाच वेळची जगज्जेती होती आणि वर्षानुवर्षं हे करत आली होती. तुम्ही-आम्ही तिची नक्कल करू नये.

घामाबरोबर रक्तातलंही पाणी कमी होतं. हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, म्हणून हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. वजनाच्या साधारण २ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी गेलं की दम घसरायला लागतो. भागाकारात खालचा आकडा कमी झाला खरा, पण वरचं इंजिनही बसलं!

आणि गोष्ट फक्त दमापुरती नाही. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीपटू वजन उतरवताना जवळपास महिन्याभरात दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना यांवर बंदी आली. तो प्लास्टिकचा सूट मी त्याच आठवड्यात फेकून दिला.

मग आपण काय करायचं?

१. ॲपमधलं वजन खरं ठेवा. दर पंधरा दिवसांनी सकाळी, काही खाण्याआधी वजन करा आणि प्रोफाइलमध्ये बदला. माझं वजन ७९ वर आलं तरी ॲपमध्ये कित्येक महिने ८६ च होतं. दहा मिनिटांच्या उड्यांमागे १४ कॅलरीज फुकटच्या दिसत होत्या.

२. वेग स्वतःच्या हार्ट रेटवर ठरवा. ठरावीक वेगाने तीन मिनिटं उड्या मारा. राउंड संपताना हार्ट रेट लिहा, एक मिनिट आराम करून पुन्हा लिहा. काही आठवड्यांनी त्याच वेगात आकडा जास्त लवकर खाली येत असेल, तर दम वाढतोय.

३. ग्लोव्हजसोबत छातीचा पट्टा वापरा. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून मनगटातलं रक्त वाचतं. ठोसे मारताना हात हिसकतो, वर हाताला पट्ट्या गुंडाळलेल्या. रीडिंग चुकतं. ब्लूटूथचा छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो.

४. वजन जास्त असेल तर सुरुवात बॅगवर करा. बॅग मारताना प्रत्येक वेळी पूर्ण शरीर हवेत उचलावं लागत नाही. गुडघे वाचतात, इंजिन वाढतं. उड्या हळू आणि थोड्या.

५. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जो फरक दिसेल तो घाम. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर. तो मिरवायचा नाही, हळूहळू पिऊन भरून काढायचा.

६. आठवड्याला अर्धा किलो पुरे. वय १८ च्या आत असेल किंवा बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आज माझं वजन ७९ आहे. इंजिन तेवढंच धरलं तरी किलोमागे ४३ मिलीलिटर येतात. त्या दिवशी लागत होते ४१.३. म्हणजे तिसरा राउंड पूर्ण होतो, जेमतेम. तो मुलगा अजूनही माझ्या पुढेच असतो. पण आता मी त्याच्या दोरीकडे बघत नाही, माझ्या श्वासाकडे बघतो. आणि स्क्रीनशॉट पाठवतो तो कॅलरीजचा नाही, राउंडनंतरच्या त्या एका मिनिटाचा.