पाच रनिंग बॅक, एकच तराजू?

गावसकर मोठा की तेंडुलकर, हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही. लॉस एंजलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, अर्थात यूएससीच्या फुटबॉल संघाविषयीही असाच एक वाद अनेक दशके चालत आला आहे. महाविद्यालयीन फुटबॉलमधील वर्षाच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिला जाणारा हाइजमन करंडक या संघाच्या पाच रनिंग बॅकनी पटकावला : माइक गॅरेट (१९६५), ओ. जे. सिम्पसन (१९६८), चार्ल्स व्हाइट (१९७९), मार्कस ॲलन (१९८१) आणि रेजी बुश (२००५). यांच्यात श्रेष्ठ कोण, असे विचारले की प्रत्येक पिढीचे चाहते आपापल्या खेळाडूचे आकडे पुढे करतात. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

हा फुटबॉल अर्थातच आपल्या ओळखीचा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते; ते जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. संघाचा सूत्रधार क्वार्टरबॅक चेंडू हवेतून फेकतो किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हाती देतो. चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या माणसांच्या भिंतीत मुसंडी मारायची, हे या खेळाडूचे काम. अशा किती मुसंड्या मारल्या आणि त्यांतून किती यार्ड मिळवले, ही त्याची नोंद. आपल्याकडे धावा आणि सरासरी असते, तसेच हे.

आता दोन आकडे पाहा. गॅरेटने तीन हंगामांत ३,२२१ यार्ड मिळवले. तो त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम होता. चाळीस वर्षांनंतर बुशनेही तीनच हंगाम खेळून ३,१६९ यार्ड मिळवले. बेरीज जवळपास सारखीच. पण गॅरेट ३० सामन्यांत ६१२ वेळा चेंडू घेऊन धावला, तर बुश ३९ सामन्यांत ४३३ वेळा. म्हणजे गॅरेटला मुसंडीमागे सव्वापाच यार्ड, तर बुशला सव्वासातहून अधिक. केवळ सरासरी पाहिली तर बुश पुढे. सामन्यामागे मिळवलेले यार्ड पाहिले तर गॅरेट. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

तीन हंगामांचे कारणही दोघांसाठी एक नव्हते. १९७२ पूर्वी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळण्याची परवानगीच नव्हती. त्यामुळे गॅरेटला चौथा हंगाम मिळणे शक्य नव्हते. बुशने मात्र तो स्वतःहून सोडला आणि व्यावसायिक फुटबॉलची वाट धरली. शिवाय गॅरेटच्या काळी वर्षाला दहा सामने होत, बुशच्या वाट्याला तेरा आले. हंगाम संपल्यावर निवडक संघांसाठी जे 'बोल' सामने होतात, त्यांतील यार्ड राष्ट्रीय नोंदींत २००२ पासून धरले जाऊ लागले; त्याआधीचे धरले जात नाहीत. चार हंगाम खेळलेल्या व्हाइटच्या नावावर म्हणूनच दोन बेरजा सापडतात. राष्ट्रीय नोंदीत ५,५९८ यार्ड आणि बोल सामने धरून ६,२४५. मधले ६४७ यार्ड त्याने चार मोठ्या सामन्यांत, तगड्या संघांविरुद्ध कमावले. ते हिशेबाबाहेर ठेवणे प्रस्तुत लेखकाला तरी पटत नाही.

सरासरीच्या मोजपट्टीवर सर्वांत जास्त अन्याय होतो तो सिम्पसनवर. १९६८ च्या दहा साखळी सामन्यांत तो ३५५ वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याने १,७०९ यार्ड मिळवले. सरासरी जेमतेम ४.८, पाच जणांच्या करंडकविजेत्या हंगामांत सर्वांत कमी. प्रशिक्षक जॉन मॅके यांची पद्धतच तशी होती. 'आय' रचनेत टेलबॅकला सर्वांत मागे उभे करायचे, चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्याच हाती द्यायचा आणि सारा संघ एका बाजूला लोटायचा. या डावाला गमतीने 'स्टुडंट बॉडी राइट' म्हणत. जणू सगळे विद्यापीठच उजवीकडे धावत निघाले आहे. चेंडू कोणाकडे जाणार हे प्रतिपक्षाला ठाऊक असे. एकाच माणसाला इतके का पळवता, या प्रश्नावर चेंडू काही जड नसतो, असे उत्तर मॅके यांनी दिल्याचे सांगतात. सिम्पसनचा वेग खोटा नव्हता. १९६७ मध्ये ४ बाय ११० यार्ड रिलेत विश्वविक्रम नोंदवणाऱ्या यूएससीच्या चमूत तो होता, आणि त्याच वर्षी यूसीएलएविरुद्ध त्याने ६४ यार्डांची धाव घेऊन २१-२० असा विजय मिळवून दिला. पुढे न्यायालयांत जे घडले, त्यामुळे या धावेकडे निखळ मनाने पाहणे अनेकांना अवघड जाते. ते समजण्यासारखे आहे.

ओझे वाहण्याच्या या परंपरेचे टोक म्हणजे ॲलनचा १९८१ चा हंगाम. अकरा सामन्यांत ४०३ मुसंड्या आणि २,३४२ यार्ड. एका हंगामात दोन हजार यार्ड ओलांडणारा तो पहिला खेळाडू. सामन्यामागे सरासरी छत्तीसहून अधिक वेळा हा माणूस त्या भिंतीत शिरला. बुश २००५ मध्ये सामन्यामागे पंधरा-सोळा वेळाच धावला. त्याचा संघ निराळा होता. हवेतून चेंडू फेकणारा मॅट लायनार्ट स्वतः २००४ चा हाइजमन विजेता, तर गोलरेषेजवळ रेटा लावायला धिप्पाड लेनडेल व्हाइट. बचावफळीला एकट्या बुशवर डोळा ठेवणे परवडत नसे. म्हणून २०० मुसंड्यांत १,७४० यार्ड, सरासरी ८.७. फ्रेस्नो स्टेटविरुद्ध तर त्याने धावून, झेल घेऊन आणि प्रतिपक्षाने लाथाडलेला चेंडू परत आणून एकाच सामन्यात ५१३ यार्ड जमवले. इतका देखणा खेळाडू या पाचांत दुसरा नाही.

मात्र ४ जानेवारी २००६ रोजी रोझ बोलमध्ये टेक्ससविरुद्ध विजेतेपद पणाला लागले होते. अखेरची काही मिनिटे, चौथा प्रयत्न आणि हवे होते दोन यार्ड. चेंडू लेनडेल व्हाइटला दिला गेला, तो अडवला गेला आणि यूएससी ४१-३८ असा हरला. बुश त्या क्षणी सीमारेषेबाहेर उभा होता. ॲलन किंवा सिम्पसनच्या बाबतीत हे कल्पनेतही घडले नसते.

बुशच्या बाबतीत काळाने आणखी एक खेळ केला. विद्यार्थी असताना त्याने व त्याच्या कुटुंबाने नियमबाह्य लाभ घेतल्याच्या ठपक्यावरून २०१० मध्ये यूएससीवर कारवाई झाली, त्याचे सामने नोंदींतून बाद ठरले आणि त्याने करंडक परत केला. विद्यापीठाचे क्रीडा संचालकपद त्या काळात खुद्द माइक गॅरेटकडे होते, हा विचित्र योगायोग. पुढे २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली, आणि बदललेल्या परिस्थितीचा दाखला देत एप्रिल २०२४ मध्ये बुशला करंडक पुन्हा बहाल झाला. बुशचे प्रकरण निव्वळ जाहिरातीच्या कमाईचे नव्हते, हे खरे. तरीही, विद्यार्थी खेळाडूने पैशाला शिवायचेच नाही हा दंडक मधल्या काळात मोडला, हेही तितकेच खरे.

मग यांच्यात एकाची निवड करायचीच, तर माझे मत चार्ल्स व्हाइटला. ॲलनचा हंगाम मोठा, पण तो एकच. व्हाइटने ओझेही वाहिले आणि सरासरीही राखली : १९७९ मध्ये २९३ मुसंड्यांत १,८०३ यार्ड, म्हणजे प्रत्येकी सहाहून जास्त. १ जानेवारी १९८० रोजी रोझ बोलमध्ये तोवर अपराजित असलेल्या ओहायो स्टेटविरुद्ध संघ पिछाडीवर असताना ८३ यार्डांची निर्णायक चढाई झाली. तीत चेंडू एकदाही हवेतून फेकला गेला नाही. ८३ पैकी ७१ यार्ड एकट्या व्हाइटचे. त्या दिवशी त्याने ३९ मुसंड्यांत २४७ यार्ड मिळवले आणि सामना १७-१६ असा जिंकून दिला.

आक्षेप घेणारे म्हणतील की व्हाइटपुढे अँथनी मुनोझ, ब्रॅड बडी यांच्यासारखे अडवणारे उभे होते. बरोबर आहे. आणि त्या संपूर्ण हंगामात फुलबॅकच्या जागेवरून त्याच्यासाठी वाट मोकळी करून देणारा दुय्यम खेळाडू होता मार्कस ॲलन.