बुधवार, २२ डिसेंबर २०३२

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. माझी एक मैत्रीण डोंबिवलीत वन बीएचके बुक करत होती. वीस वर्षांचं होम लोन, पगारातला जवळजवळ अर्धा हिस्सा हप्त्यात जाणार, त्यामुळे बाईसाहेब आधीच जाम टेन्शनमध्ये. त्यात ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नकाशा येऊन पडला. जगावर आडवा पट्टा, त्या पट्ट्यात आपली मुंबई, आणि खाली तारीख : २२ डिसेंबर २०३२. तिने तो मला फॉरवर्ड केला. सोबत एकच प्रश्न : ‘मग हप्ते बत्तीसपर्यंतच भरायचे का?’

मी हसले आणि मग गुपचूप गुगल केलं. गंमत म्हणजे नकाशा खोटा नव्हता!

‘२०२४ वायआर४’ नावाचा हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ ला चिलीमधल्या ‘अॅटलास’ दुर्बिणीला सापडला. तोपर्यंत तो पृथ्वीच्या सर्वांत जवळून जाऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे पाहुणे दारावरून गेले आणि आपण पाठमोरे बघितले. आकार साधारण ६० मीटर, एखाद्या वीस मजली टॉवरएवढा. दर चार वर्षांनी सूर्याभोवती एक चक्कर. २०३२ मध्ये तो पृथ्वीला धडकलाच, तर कुठे धडकेल याचा पट्टा पॅसिफिकच्या पूर्वेपासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र असा थेट आपल्यापर्यंत येत होता.

जानेवारीअखेर शक्यता एक टक्क्याच्या वर गेली. मग दोनच्या वर. १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के, म्हणजे ३२ मध्ये एक. एवढ्या आकाराच्या लघुग्रहासाठी नासाने नोंदवलेला हा सर्वांत मोठा आकडा. आमच्या ग्रुपवर लोक सेन्सेक्ससारखे रोज आकडे टाकायला लागले. दुसऱ्याच दिवशी तो दीड टक्क्यावर आला, वीस तारखेला ०.२८ आणि २४ फेब्रुवारीला ०.००४. विषय संपला. ग्रुपवरच्या शहाण्यांनी निकाल दिला : ‘नासाचा घोळ’. काहींच्या मते तर ‘सगळं दाबलं’.

घोळ नव्हता, आणि दाबलंही काही नव्हतं. हा सगळा टक्क्यांचा फंडा आहे, तो एकदा कळला की पुढच्या वेळी झोप उडणार नाही.

समजा, तुमच्या घराची चावी सापडत नाहीये. ती दहापैकी कुठल्याही एका जागी असू शकते : बॅग, जीन्सचा खिसा, ऑफिसचा ड्रॉवर वगैरे. आणि दहावी जागा म्हणजे दादरचा रूळ. रुळावर पडली असण्याची शक्यता दहा टक्के. तुम्ही पाच जागा शोधल्या, नाही मिळाली. आता रुळाची शक्यता वीस टक्के झाली. चावी जागची हललेली नाही, तुमची माहिती तेवढी वाढली. आणि सहाव्या जागी, सोफ्याच्या फटीत ती सापडते. वीसवरून थेट शून्य!

लघुग्रहाचं अगदी हेच होतं. सुरुवातीच्या थोड्या निरीक्षणांवरून तो २०३२ मध्ये नेमका कुठे असेल ते सांगता येत नाही, एक लांबलचक पट्टा सांगता येतो. त्या पट्ट्यात कुठेतरी पृथ्वीचा ठिपका. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखूड होतो. पृथ्वी अजून आतच असेल तर तिचा वाटा वाढतो, म्हणून टक्का वाढतो. मग एके रात्री पट्ट्याचं टोक पृथ्वीवरून सरकतं आणि आकडा धाडकन कोसळतो. फेब्रुवारीत मधले काही दिवस पौर्णिमेच्या चांदण्यात हा अंधूक ठिपका नीट दिसतच नव्हता. चांदणं ओसरलं, दुर्बिणी पुन्हा कामाला लागल्या आणि दोन-चार दिवसांत निकाल लागला.

२००४ मध्येही असंच झालं होतं. ‘अपोफिस’ नावाचा तब्बल ३४० मीटरचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला धडकण्याची शक्यता २७ डिसेंबरला २.७ टक्क्यांवर गेली. आदल्याच दिवशी त्सुनामी आली होती, त्यामुळे आकाशाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. त्याच दिवशी मार्चमध्ये काढलेल्या जुन्या फोटोंत तो सापडला, आणि २०२९ चा धोका टळला. पुढे २०२१ मधल्या रडार निरीक्षणांनंतर नासाने किमान शंभर वर्षांची हमीच दिली.

पण म्हणून हसण्यावारी नेऊ नका. १९०८ मध्ये सैबेरियात तुंगुस्काला असाच एक दगड हवेतच फुटला, तर दोन हजार चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं झालं. २०१३ मध्ये रशियातच चेल्याबिन्स्कवर फुटलेला जेमतेम वीस मीटरचा होता, तरी सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. कारण? लखलखाट दिसला म्हणून लोक खिडकीशी धावले, आणि मिनिट-दोन मिनिटांनी हवेचा धक्का पोचला तो काचा फोडतच. (आपल्याकडे तर निम्मे लोक मोबाईल घेऊन गॅलरीत असतील.) उपाय अगदीच नाही असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने ‘डार्ट’ हे यान डिमॉर्फस या १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आपटलं आणि त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून जास्त घटली. पण त्यासाठी आधी काही वर्षं हातात लागतात, आणि ती अशा डोकं उठवणाऱ्या टक्क्यांमधूनच मिळतात.

मैत्रिणीला मी चावीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘बरं, म्हणजे बुकिंग करू ना?’ केलं तिने. अपोफिस आपल्यापासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांच्याही खालून, जाईल तेव्हा आपल्याकडे १४ एप्रिल २०२९ ची पहाट असेल, सव्वातीनच्या सुमाराची. युरोप-आफ्रिकेत तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. शनिवार आहे, शिवाय आंबेडकर जयंती. तिने कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय. त्या महिन्यात तिचा एकोणपन्नासावा हप्ता जाणार आहे.